कारण सापडले, पण अंदाज?

ई. सी. लार्ज यांचे ‘द अॅडव्हान्स ऑफ द फंगाय’ हे पिकांच्या रोगांचा इतिहास सांगणारे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. इतक्या रसाळपणे हा विषय मांडणारी पुस्तके थोडीच आहेत. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र काही प्रश्न जवळ बाळगून वाचावे, असे आम्हाला वाटते.

पुस्तकाच्या आरंभी १८४५ सालचा बटाट्यावरील करपा येतो. त्यापाठोपाठ आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे दगावली. रोगाच्या कारणावरून इंग्लंडमध्ये वाद पेटला. जॉन लिंडली म्हणत, थंड व ओल्या हवेत झाडाने पाणी फार शोषले, ते त्याला बाहेर टाकता आले नाही आणि ते सडले. बुरशी मागाहून आली. पाद्री बर्कली म्हणत, बुरशी आधी, सडणे नंतर. पुढे १८६१ मध्ये डी बारी यांनी प्रयोगाने बर्कलींची बाजू सिद्ध केली. दोन्ही पक्षांसमोर पुरावा तोच होता, हे लक्षात घेतले तर हा भाग वर्गात वाचून दाखवण्याजोगा आहे.

आमचा आक्षेप यापुढचा आहे. रोगाचे कारण सापडले, नंतर १८८५ मध्ये मियार्दे यांनी मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण जाहीर केले (नाशिककडील द्राक्षबागाईतदारांना ते चांगले परिचित आहे). या विजयाच्या कथेत लिंडलींची चूक तेवढी वाचकाच्या लक्षात राहते. पण त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. करप्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर येतात खरे, पण कोरड्या हवेत आणि कडक उन्हात ते लवकर मरतात. पानावर काही तास पाणी टिकले तरच ते रुजतात. हवामान रोग निर्माण करत नाही. त्याला वाट मोकळी करून देते.

म्हणूनच हवामानावरून रोगाचा अंदाज बांधता येतो. एल. पी. स्मिथ यांनी १९५६ मध्ये ब्रिटनसाठी नियम दिला: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा अधिक, आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास सापेक्ष आर्द्रता ९० टक्के किंवा अधिक असेल, तर धोका समजावा. हा नियम साठ वर्षे चालला. पुढे प्रत्यक्ष उद्रेकांच्या नोंदींशी तो ताडून पाहिल्यावर उणा ठरला आणि २०१७ मध्ये ११ तासांच्या जागी ६ तास आले. हे पुस्तकात असणे शक्यच नव्हते. परंतु लार्ज यांनी स्वतः पुढे १९५० नंतर करप्याच्या पूर्वानुमानावर काम केले, हे वाचकाला ठाऊक असावे.

नियमाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. जवळपास रोगट झाड आहे की नाही, हे तो सांगत नाही. खोटा इशारा मिळाला तर फवारणीचा खर्च वाया जातो. इशारा हुकला तर थोड्याच दिवसांत शेत काळे पडते. दोन्ही चुका शेतकऱ्यालाच भोगाव्या लागतात, पण त्यांची किंमत सारखी नसते. मर्यादा ६ तासांवर आणली की इशारे हुकणे कमी होते, पण खोटे इशारे वाढू शकतात. यांतले काय पत्करायचे, हे केवळ जीवशास्त्र ठरवू शकत नाही.

आणखी एक दुरुस्ती. करप्याचा फायटॉप्थोरा आणि द्राक्षावरील केवडा हे आज खऱ्या बुरशीत गणले जात नाहीत. शैवालांच्या एका शाखेशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. पुस्तकाच्या नावाला याने बाधा येत नाही, पण विद्यार्थ्यांना हे सांगितले पाहिजे.

शाळेत एक प्रयोग करून पाहावा. ओल्या व कोरड्या तापमापकांनी उघड्यावरची आणि दाट पिकाच्या पानांमधली आर्द्रता मोजावी. दोन्ही आकडे सहसा जुळणार नाहीत. हवामान केंद्रातील आकड्यावरून शेतातल्या पानाविषयी बोलणे किती जपून करावे लागते, हे विद्यार्थ्यांना त्यावरून आपोआप कळेल.