गुप्त मंडळांची अमेरिका : तीन कादंबऱ्या आणि एक प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या वाचनमंडळात मी ‘इल्युमिनेटस!’ या अमेरिकन कादंबरीत्रयीवर बोललो. श्रोते मनमुराद हसले. चहाच्या वेळी मात्र एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेले गृहस्थ. हळू आवाजात म्हणाले, “सर, हे थोडंफार तरी खरं असणार ना? एवढा धूर निघतो म्हणजे...” मी हसून वेळ मारून नेली. तो माझा आळस होता. ते उत्तर मी त्यांना अजून देणे लागतो, आणि हा लेख त्या देण्यापोटी आहे.

आधी धुराखालचा विस्तव पाहू. १ मे १७७६ रोजी बव्हेरियातल्या इंगोलश्टाट विद्यापीठातले प्राध्यापक ॲडम वाइसहाउप्ट यांनी मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन एक गुप्त मंडळ स्थापन केले. धर्मसत्तेच्या पकडीतून बुद्धीची सुटका करणे हा त्याचा उद्देश होता. १७८४-८५ मध्ये बव्हेरियाच्या शासनाने मंडळावर बंदी घातली, पुढे कागदपत्रे जप्त केली आणि ती छापूनही टाकली. दहा वर्षांत कारभार आटोपला. पण १७९७ मध्ये एडिंबराचे प्राध्यापक जॉन रॉबिसन आणि फ्रान्समधून परागंदा झालेले धर्मोपदेशक बारुएल यांनी स्वतंत्रपणे पुस्तके लिहून फ्रेंच राज्यक्रांतीचे खापर या मेलेल्या मंडळावर फोडले. ९ मे १७९८ रोजी जेडिडाया मोर्स यांनी बोस्टनमध्ये प्रवचन देऊन ही भीती अमेरिकेत रुजवली. १८२६ मध्ये फ्रीमेसनांची गुपिते छापायला निघालेला विल्यम मॉर्गन न्यूयॉर्क राज्यातून नाहीसा झाला. त्या संतापातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला आणि १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने व्हरमाँट राज्य जिंकलेसुद्धा. म्हणजे गुप्त मंडळांविषयीचा संशय ही अमेरिकेच्या उघड राजकारणातलीच गोष्ट आहे. कादंबरीकारांना जमीन नांगरलेली मिळाली.

या जमिनीवर उगवलेल्या कादंबऱ्यांना ‘पर्यायी इतिहास’ म्हणण्याची प्रथा आहे. तिथे थोडे थांबायला हवे. मराठी वाचकाला पर्यायी इतिहास म्हटले की जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवते. तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते आणि सगळ्या हिंदुस्थानचा पुढचा प्रवास बदलतो. ही योगायोगाची कथा आहे. इतिहास किती बारीक धाग्याला लटकलेला असतो, हे ती दाखवते. गुप्त मंडळांची कादंबरी नेमके उलटे करते. तिच्यात गोळी चुकत नाही. चुकलेली वाटली, तर ती कोणीतरी चुकवलेली असते. नारळीकरांचा वाचक ‘असेही घडू शकले असते’ असे म्हणत पुस्तक मिटतो. या कादंबऱ्यांचा वाचक मात्र ‘असेच घडले, आम्हाला सांगितले नाही’ या वाक्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. तो उंबरठा लेखक कसा हाताळतो, यावर माझ्या मते कादंबरीची पारख करावी.

टॉमस पिंचनची ‘द क्राइंग ऑफ लॉट फॉर्टीनाइन’ १९६६ ची. कॅलिफोर्नियातल्या एडिपा मास या गृहिणीला जुन्या प्रियकराच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहावी लागते. ते करताना तिला ‘ट्रिस्टेरो’ नावाच्या भूमिगत टपालसेवेच्या खुणा दिसू लागतात. युरोपात थर्न उंड टॅक्सिस घराण्याकडे शतकानुशतके टपालाचा मक्ता होता आणि १८६७ मध्ये प्रशियाने तो ताब्यात घेतला, हा खरा इतिहास. त्या मक्त्याविरुद्ध लढणारे ट्रिस्टेरो मात्र पिंचनचे. बोळा कोंबलेला टपाली कर्णा ही त्यांची खूण. सरकारी टपालावर विश्वास नसलेली माणसे कचऱ्याच्या डब्यांतून पत्रे पाठवत आहेत, ही कल्पना विनोदी आहे, पण त्या माणसांचे एकटेपण विनोदी नाही. एडिपापुढे चार शक्यता उरतात. ट्रिस्टेरो खरे आहे, किंवा तिला भास होतो आहे, किंवा मेलेल्या माणसाने तिच्याभोवती डाव रचला आहे, किंवा असा डाव असल्याची तीच कल्पना करते आहे. पिंचन उत्तर देत नाही. तिकिटांचा लिलाव सुरू होण्याच्या क्षणी कादंबरी थांबते. उंबरठ्यावर वाचकाला उभे ठेवणे हे इथे प्रामाणिकपणाचे काम ठरते.

रॉबर्ट शे आणि रॉबर्ट अँटन विल्सन यांची ‘इल्युमिनेटस!’ १९७५ मध्ये तीन खंडांत आली. दोघे ‘प्लेबॉय’ मासिकात संपादन करत आणि वाचकांच्या पत्रांत त्यांना तऱ्हेतऱ्हेचे कट वाचायला मिळत. ही सगळीच पत्रे खरी असतील तर, या थट्टेतून कादंबरी जन्मली. तिच्यात वाइसहाउप्ट जॉर्ज वॉशिंग्टनला मारून त्याच्या जागी बसतो आणि अमेरिकेचा पाया दुसराच ठरतो. डॉलरच्या नोटेवरच्या पिरॅमिडच्या पायाशी १७७६ हे साल आहे. ते स्वातंत्र्याच्या घोषणेचे, पण मंडळाच्या स्थापनेचेही साल तेच, आणि एवढा योगायोग लेखकांना पुरतो. एकमेकांना छेद देणारे सगळे खुलासे एकदम मांडून वाचकाची विश्वास ठेवायची सवयच मोडावी, असा त्यांचा हेतू दिसतो. पहिल्या खंडात तो साधतो. पुढे मात्र प्रत्येक खुलासा आधीच्या खुलाशाला गिळतो आणि वाचकाच्या पायाखाली काहीच उरत नाही. सगळेच खोटे असू शकते, हे ऐकून शहाणा माणूस सावध होईल, असे लेखकांना वाटले. आमच्या सभासदांनी त्यातून नेमका दुसरा अर्थ काढला, की काहीही खरे असू शकते. हा दोष मी त्यांच्या वाचनाला देणार नाही. त्या पुस्तकात ती वाट उघडीच आहे, आणि बोलताना मीही ती दाखवली नव्हती.

तिसरी कादंबरी इश्माएल रीड या कृष्णवर्णीय लेखकाची ‘मम्बो जम्बो’, १९७२ ची. काळ १९२० चे दशक. ‘जेस ग्रू’ नावाची नाचाची साथ न्यू ऑर्लीन्समधून न्यूयॉर्ककडे पसरते आहे. युरोपीय संस्कृतीच्या रक्षणासाठी ‘वॉलफ्लॉवर ऑर्डर’ आणि टेम्पलर सरदारांचा एक वारस ती दडपायला निघतात. संग्रहालयांतल्या कलावस्तू चोरून मूळ देशांना परत करणारी टोळीही आहे. शेवटी पापा लाबास हा मांत्रिक गुप्तहेर सर्वांना जमवून थेट प्राचीन इजिप्तपासून उलगडा करतो. हा भाग लांबला आहे. रहस्यकथेची थट्टा करता करता लेखक तिच्याच कंटाळ्यात अडकतो. पुस्तकाला संदर्भसूचीही जोडलेली आहे. रिचर्ड हॉफ्स्टॅटर यांनी १९६४ मध्ये अमेरिकन राजकारणातल्या संशयी शैलीवर लिहिताना कटवाद्यांच्या पुरावे गोळा करण्याच्या हौसेकडे बोट दाखवले होते. रीड ती हौसच उसनी घेतो. पण त्याच्या कटात हैती आहे, आणि तिथे माझे हसू थांबले. अमेरिकन नौसैनिकांनी १९१५ ते १९३४ हैती ताब्यात ठेवला होता. हे कुठल्याही गुप्त मंडळाने केले नाही. सरकारने केले, उघडपणे केले. तरी कित्येक वाचकांना ते कादंबरीतल्या कल्पित गोष्टींइतकेच नवे वाटते. एवढी मोठी गोष्ट झाकायला शपथा आणि सांकेतिक खुणा लागल्या नाहीत. विसर पडणे पुरेसे होते.

खरी गुप्त मंडळे आपल्याकडेही होती. नाशिकमध्ये १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ उभे राहिले. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि पुढे खटले चालले. त्या मंडळाविषयी आपण बोलू शकतो ते कागद आहेत म्हणून. त्यात कोवळ्या वयाची मुले आहेत, भीती आहे, जबान्या आहेत, फाशी आहे. खरे गुप्त मंडळ इतिहासाच्या आत असते आणि इतर सगळ्यांसारखे चुकते, सापडते. कादंबरीतले मंडळ इतिहासाच्या वर बसलेले असते. त्याला चूक माहीत नसते, म्हणून त्याला पुरावाही लागत नाही.

तेव्हा आमच्या सभासदांना माझे उत्तर असे. धूर खरा आहे. विस्तव बव्हेरियात दहा वर्षे होता आणि विझला. पण तुम्हाला जो वास येतो आहे, तोही खोटा नाही. आपल्याला न सांगता बरेच काही ठरवले जाते, ही तुमची शंका रास्त आहे. फक्त ते तळघरातल्या बैठकीत शोधू नका. तुम्ही जन्मभर वाचलीत तशीच वह्यांची पाने आहेत. ग्रंथालयात, दप्तरखान्यात, उघड्यावर. हिशेब तपासणारा माणूसच ती वाचू शकतो. पुढच्या बैठकीला मी ‘मम्बो जम्बो’ घेऊन येईन, आणि सोबत हैतीचा एक साधा, कंटाळवाणा, खरा इतिहास.