भुताविना भकास

‘‘मामा, ह्यात कुणाला मारायचं नाही, काय गोळा करायचं नाही. नुसतं चालायचं,’’ असं म्हणत भाच्यानं त्याचा लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. पडद्यावर एक ओसाड बेट होतं. गवत वाऱ्यानं लवत होतं, टेकडीवर एक पडकं घर होतं, आणि दूर एका उंच खांबावर लाल दिवा लुकलुकत होता. एक पुरुषी आवाज अधूनमधून कुणा एस्थरला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचत होता. धावायची सोय नाही, उडी मारायची सोय नाही. दीडेक तासानं मी त्या दिव्यापाशी पोचलो, खेळ संपला, आणि आपण नेमकं काय केलं ते मला सांगता येईना. वाचलं म्हणावं तर पुस्तक नव्हतं. पाहिलं म्हणावं तर चालत मीच होतो.

त्या खेळाचं नाव ‘डिअर एस्थर’. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक यांनी संशोधनाचा भाग म्हणून, एका गाजलेल्या बंदुकीच्या खेळात फेरफार करून तो बनवला. २००८ मध्ये तो फुकट मिळत होता. २०१२ मध्ये नव्यानं घडवून विकायला आला. बंदूक काढून घेतली तर खेळात काय उरतं, हे त्यांना बघायचं होतं. पट्टीच्या खेळणाऱ्यांनी त्याला आणि त्याच्या भावंडांना हिणवून ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हटलं, म्हणजे चालण्याची नक्कल. पुढं तेच नाव रूढ झालं. निंदेचं नाव बिरुद होऊन बसण्याची उदाहरणं साहित्यातही कमी नाहीत.

मी कबनूरचा. तीसेक वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यांत दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचं जे काही झालं ते इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरात आणि रद्दीतून उचललेल्या जुन्या दिवाळी अंकांत. मराठी गूढकथा हा माझा जुना नाद. या खेळांकडं मी वळलो तो त्या नादातून, आणि आजही त्यांच्याकडं गूढकथेचा वाचक म्हणूनच बघतो. एक-दोन माणसांनी बनवलेले, तासा-दीड तासात संपणारे, बहुतेक फुकट किंवा किरकोळ किमतीत मिळणारे हे खेळ. लघुकथा म्हणतो तसं त्यांना लघुखेळ म्हणायला हरकत नसावी. त्यांनी मला जे दाखवलं ते भुताबद्दलचं नव्हतं, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडं भुताचं वाङ्मय भरपूर आहे. पण भूत नसतानाही एखादी जागा अंगावर येते, तिच्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : भकास. नुसत्या रिकाम्या जागेला आपण भकास म्हणत नाही. मुलगी सासरी गेली की घर भकास वाटतं. जत्रा उठल्यावर माळ भकास दिसतो. जे असायला हवं होतं ते नाही, ही जाणीव त्या शब्दात आहे. मार्क फिशर या ब्रिटिश समीक्षकानं ‘द वीअर्ड अँड द ईरी’ या छोट्या पुस्तकात अशा जागांची फोड केली आहे : काही नसायला हवं तिथं काहीतरी असणं, किंवा काही असायला हवं तिथं काहीच नसणं. दोन्हीमागं तो एकच प्रश्न उभा करतो. हे कुणाच्या हातून होतंय? २०१६ च्या अखेरीस आलेलं हे पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचलं, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टीसाठी आपल्याकडं घरचा शब्द आहे याचा मला भाबडा आनंद झाला.

भकासपणा हेच या लघुखेळांचं खरं द्रव्य आहे. जपानमध्ये किकियामा या टोपणनावाच्या व्यक्तीनं २००४ मध्ये ‘युमे निक्की’, म्हणजे स्वप्नांची रोजनिशी, नावाचा खेळ फुकट देऊन टाकला. त्यातली मुलगी खोलीचं दार उघडून बाहेर जायला नकार देते. ती झोपते, स्वप्नात तिला बारा दारं लागतात, आणि प्रत्येक दारामागं मैलोगणती न बोलणारं जग. घाबरवणारं असं त्यात फारसं काही घडत नाही. तरी तासाभरानं जीव गुदमरतो.

माझ्या लेखी याहून मोठं काम २०१६ च्या ‘अ‍ॅनाटमी’चं आहे. करणारी बाई किटी हॉररशो या नावानं काम करते. एक साधं घर, रात्र, आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं खरखरीत चित्र. स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर आहे. घरात एकेक कॅसेट सापडते, ती आणून लावायची. टेपवर एक शांत आवाज घराची शरीररचना समजावतो, ही खोली म्हणजे कुठला अवयव, ती कुठला. खोलीत कुणी नसतं. आणि मध्येच खेळ आपोआप बंद होतो. मला वाटलं लॅपटॉप बिघडला. भाचा म्हणाला, परत चालू करा. केला, तर तेच घर. पण आता टेप घरघरतेय, भिंती बिघडल्यात. पुन्हा बंद, पुन्हा चालू. भीती पडद्यातून बाहेर येऊन माझ्या बोटापर्यंत पोचली होती, कारण त्या घरात परत जायचं की नाही हे आता बटण दाबून मलाच ठरवायचं होतं. पुस्तक मिटणं वाचकाच्या हातात असतं. इथं पुस्तक स्वतःहून मिटतं, आणि उघडण्याचा दोष तेवढा आपल्याकडं येतो.

आता हे मराठी गूढकथेशेजारी ठेवून बघा. नारायण धारपांच्या कथेत अमंगळ शक्ती येते आणि बऱ्याचदा तिच्याशी झुंजायला समर्थांसारखा कुणी जाणता उभा राहतो. रत्नाकर मतकरींच्या कथेत शेवटची कलाटणी आधीच्या सगळ्याला नवा अर्थ देते. दोन्ही माझ्या आवडीचे आहेत, पण दोघांकडं वाचकाला काहीतरी हिशेब मिळतो. लघुखेळ हिशेब देत नाहीत. त्यांचा मराठीतला जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो गूढकथेच्या कपाटात नाही, जी. ए. कुलकर्णींकडं आहे. ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ आठवा : मठाच्या पोटातली ती कोठडी, बंद दार, सगळ्या सुखसोयी, आणि वर हवेसाठी ठेवलेली वाट. भूत नाही, रक्त नाही. एक खोली आणि तिच्यात एक माणूस. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांमधली चालही अशीच आहे : एक माणूस अनोळखी मुलखातून चालतो, त्याला वाटतं वाट तो निवडतोय.

इथं मी तज्ज्ञांशी वाद घालतो. खेळाच्या अभ्यासकांची तक्रार अशी की, या खेळांत खेळणाऱ्याला काही करताच येत नाही, मग हा खेळ कसला? माझं उत्तर असं की, करता न येणं हाच इथला आशय आहे. ‘डिअर एस्थर’मध्ये पत्रांचे तुकडे प्रत्येक खेपेला वेगळे निघतात. मी तो चार वेळा चाललो. चारही वेळा वेगळी वाक्यं कानावर पडली. बेट तेच राहिलं, आणि टोकाचा लाल दिवाही तोच. तपशील बदलतो, शेवट बदलत नाही. पाय माझे, वाट ठरलेली. जी. एं.च्या वाचकाला याला काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. नियती हा शब्द आपल्या समीक्षेनं इतका वापरला की तो गुळगुळीत झाला. पण बोटाखालची पुढं जाण्याची कळ दाबताना तो मला पुन्हा टोचला. बाजूला वळू पाहावं तर कडा, मागं फिरावं तर तीच पायवाट.

इथपर्यंत मी खूश होतो. मग लक्षात आलं की नियतीचं नाव घेतलं की एक मोठी सोय होते. कुणालाच जबाबदार धरावं लागत नाही.

ही अडचण ज्यांच्यामुळं माझ्यापुढं आली ते खेळ दूरचे नाहीत. गुजरातेत वापीजवळ चला नावाचं गाव आहे. (चालण्याच्या खेळांसाठी याहून चांगला पत्ता कुणी मुद्दाम शोधूनही सापडला नसता.) तिथं ध्रुव जानी आणि त्यांचे सहकारी ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ या नावानं काम करतात. आपला आणि त्यांचा मुलूख १९६० पर्यंत एकाच मुंबई राज्यात होता. वसाहतीच्या दप्तराची धूळ दोघांच्याही अंगावर आहे. त्यांचा ‘अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स’ (२०१८) हा खेळ म्हणजे एक संग्रहालय. दालनांत रोजच्या वापरातल्या वस्तू अवाढव्य, विचित्र होऊन मांडलेल्या. सोबत वाचायला गोष्टी. आणि वस्तू व गोष्ट यांचा मेळ कधीच धड बसत नाही. गोष्टी मीर उमरहसन या गुजराती कवीच्या, म्हणून आपल्याला सांगितलं जातं. हा कवी अस्तित्वातच नव्हता. हरवलेल्या मूळ संहितेचं भाषांतर वाचतोय असं वाटत राहतं, आणि मूळ संहिता कधीच नव्हती. असायला हवं तिथं काही नाही. पण इथला भकासपणा दप्तरातला आहे, रानातला नाही. दप्तर कुणीतरी लिहितं, कुणीतरी फाडतं.

त्यांचा २०२० चा ‘दि इनडिफरंट वंडर ऑफ अ‍ॅन एडिबल प्लेस’ यापुढं जातो. इथं तुम्ही इमारती खाणारे आहात. समोर इमारत आहे, ती खायची. वीट खाल्ली की वास्तूबरोबर तिथली आठवणही कमी होते. लाल दिव्याकडं जाताना मी निदान निरपराध होतो. इथं घास मी घेत होतो.

या खेळांतही मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत. ओलिओमिंगसचं गद्य स्वतःच्या नक्षीवर भाळलेलं असतं. एका वाक्यासाठी तीनदा शब्दकोश उघडावा लागतो, आणि तिसऱ्यांदा वाटतं की दोन शब्दांत भागलं असतं. गुजराती कवीच्या नावावरच्या गोष्टी मी इंग्रजीत वाचल्या, याची मला चुटपुट लागली. हरवलेल्या संहितेचा खेळ खेळताना हरवलेली भाषा निदान ऐकू तरी यायला हवी होती. आणि एकूण या प्रकारात नकली माल बराच आहे. धुकं, पियानोचे चार सूर, एक पाळणा आणि रिकामी गल्ली एवढ्या भांडवलावर पुष्कळ खेळ उभे राहतात. ती गल्ली कुणी रिकामी केली हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. असा खेळ भकास होत नाही, नुसता अंधारा होतो. शिवाय ही पुस्तकं टिकतील याची हमी नाही. कोनामी कंपनीनं २०१४ मध्ये ‘पी. टी.’ नावाचा एक छोटा खेळ फुकट दिला. एकाच वळणाचा बोळ पुन्हापुन्हा चालत राहायचं, एवढाच. भल्याभल्यांनी त्याची धास्ती घेतली. २०१५ मध्ये तो दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांच्या यंत्रात उतरवून घेतलेला होता त्यांच्याकडंच तो राहिला. रद्दीवाल्याकडं असले खेळ मिळत नाहीत.

इमारत खाण्याचा तो खेळ मी दोनदा पुरा केला. दुसऱ्यांदा खेळत होतो तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका कारखान्याचे साधे माग भंगारात निघाले होते. बिडाचे सांगाडे घणानं फोडून टेम्पोत भरत होते. या कारखान्यात मी अकरा वर्षं हिशेब लिहिला आहे. रात्रपाळीत वीज गेली की चोवीस मागांचा खडखडाट एकदम थांबायचा, कानात नुसता ‘सूं’ उरायचा, आणि अंधारात एखादी कांडीवाली मावशी विनाकारण हसायची. भकास म्हणजे काय ते मला तेव्हापासून माहीत आहे. माग जाण्याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत : सुताचे दर, विजेचं बिल, शटललेस माग आले, काळच बदलला. मीही ती वर्षानुवर्षं इतरांना सांगत आलो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. त्याला नाव आहे, साल आहे. टेम्पोत भरून चाललेल्या मागांना कुणाचंच नाव नव्हतं. मी पाहत उभा होतो, आणि रात्री घरी येऊन पडद्यावर विटा खात बसलो.

भाच्यानं अलीकडं खेळ बनवण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय. मी त्याला शेडचा नकाशा काढून दिला आहे : दार कुठं, माग किती, कांडीचं मशिन कुठल्या भिंतीला, देवाचा फोटो आणि हजेरीची वही कुठं. पलीकडच्या आळीत अजून धोट्याचे साधे माग चालतात. तिथं जाऊन मोबाइलवर आवाज घेतला, आठ मिनिटं चाळीस सेकंद.

‘‘पण मामा, खेळणाऱ्यानं करायचं काय?’’ त्यानं विचारलं.

मी म्हटलं, हजेरीची वही उघडायची. प्रत्येक नावापुढं तो माणूस शेवटचा कधी आला ती तारीख असेल, आणि त्याचा हिशेब कुणी, किती देऊन मिटवला ते. त्या वहीतलं अक्षर माझंच आहे, हे मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.