‘ब्री-यार्क’चा अर्थ

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार, तो प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून ‘मी आता हे करतो’ असे म्हणतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. लिहिलेले संवाद नाहीत. पोरखेळ म्हणून हे बाजूला सारता येईल. पण जिथे माणसे मिळून गोष्ट रचतात, तिथे शत्रू कोणाला म्हणायचे हेही ती ठरवत असतात. आणि हा प्रश्न आपला आहे.

अशी साहसमोहीम समाधान केव्हा देते? खेळणाऱ्याच्या निर्णयाने काही खरोखर बदलते तेव्हा. गायगॅक्सचीच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही १९७९-८० ची मोहीम घ्या. एका बाजूला माणसांची गढी, दुसऱ्या बाजूला दरीतल्या गुहा. त्यांत कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन अशा टोळ्या. कोणत्या गुहेत आधी शिरायचे याची सक्ती नाही. टोळ्यांत आपसात वैर आहे, त्याचा उपयोग करून घेता येतो. एक गुहा तर सूत्रधाराने स्वतः रचावी म्हणून कोरीच सोडली आहे. त्या काळच्या नियमांत सोन्याच्या एका नाण्याला एक अनुभवगुण मिळे आणि ऑर्क मारला तर अवघे दहा. शिवाय समोरचा प्राणी कसा वागेल हे बऱ्याचदा दोन फासे ठरवीत; तो बोलायलाही तयार होई. म्हणजे तलवार न उपसण्याची वाट या खेळात पहिल्यापासून होती.

मग ती बुजते कुठे? जन्मापाशी. टॉम मोल्डवे यांच्या १९८१ च्या आवृत्तीत माणसाने योद्धा व्हावे, धर्मोपदेशक व्हावे, जादूगार व्हावे की चोर, हे खेळाडू निवडतो. ड्वार्फ किंवा एल्फ घेतला की जन्म हाच व्यवसाय, निवड संपली. ड्वार्फ बाराव्या पायरीपुढे जात नाही, एल्फ दहाव्या. चातुर्वर्ण्य सोसलेल्या समाजातल्या वाचकाला हा तक्ता समजावून सांगावा लागणार नाही. गुहेतल्यांना तर एवढेही नाही. ते जन्मतःच दुष्ट, आणि त्यांच्या बायका-पोरांची संख्या मात्र पुस्तकात खोलीवार दिलेली. त्यांचे काय करायचे? लेखक गप्प आहे.

या मोहिमेतली एक जागा मला फार मोलाची वाटते. खेळाडूंना आरंभी गढीतल्या अफवा कळतात, काही खऱ्या, काही खोट्या. त्यांतली एक अशी की ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत ‘आम्ही शरण आलो’. ही अफवा खोटी आहे. ती मदतीची हाक आहे. ती ऐकली की गॉब्लिनांच्या दोन बाया चोरदारातून अडीचशे नाण्यांची थैली शेजारच्या राक्षसाकडे फेकतात आणि त्याला मदतीला बोलावतात. गायगॅक्सने हे बहुधा गंमत म्हणून लिहिले असावे. पण खालच्याची हाक वरच्याच्या कानाला शरणागतीच वाटते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे लेखन मी फारसे वाचलेले नाही. इथे मोहीम सर्वांत समाधान देते, कारण समोरच्याला स्वतःची भाषा आहे, साठवलेला पैसा आहे, बेत आहे. त्याला इच्छाच नसेल, तर आपल्या निर्णयाला तरी वजन कुठून येणार?

२०२४ च्या नियमपुस्तकात ‘वंश’ जाऊन ‘प्रजाती’ हा शब्द आला. शब्दांच्या या बदलीने मी फारसा हुरळत नाही. ऑर्क मात्र त्याच पुस्तकात खेळाडूने घ्यायचे पात्र आहे, हे मोठे. ज्याला मारायचे, त्याच्या तोंडून आता ‘मी’ म्हणता येते.

जुन्या पुस्तकात गढीतल्या माणसांनाही नावे नाहीत. किल्लेदार, सावकार, लोहार एवढीच ओळख. ती सूत्रधाराने द्यायची. मी सूत्रधार असतो तर थैली फेकणाऱ्या त्या दोघींपासून सुरुवात केली असती.