श्वानदेहातला तारा

रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याला आपण व्याध म्हणतो. मृगाच्या मागे लागलेला शिकारी. ग्रीक-रोमन परंपरेत शिकारी शेजारी आहे, आणि हा तारा त्याचा कुत्रा. जिथे आपल्याला हरीण दिसले तिथे त्यांना शिकारी दिसला, आणि जिथे आपला शिकारी उभा आहे तिथे त्यांनी कुत्रा बसवला. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये याच परिसरात वेदांतला श्वान शोधला होता, त्यामुळे कुत्रा आपल्या आकाशालाही अगदी परका नाही. तरी पंचांग उघडले की भेटतो तो व्याधच.

हे सांगायचे कारण डायना विन जोन्स यांची ‘डॉग्जबॉडी’ ही किशोर कादंबरी. ती १९७५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. वाचक साधारण नऊ ते तेरा वयाचे. या कादंबरीत प्रत्येक ताऱ्याचा एक अधिष्ठाता असतो. श्वानताऱ्याचा अधिष्ठाता सिरियस तापट म्हणून प्रसिद्ध आहे. एका तरुण ताऱ्याच्या खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. स्वतःची सहचरीच विरुद्ध साक्ष देते आणि न्यायसभा त्याला शिक्षा फर्मावते: ‘झोई’ नावाचे ते शक्तिशाली साधन जिथे पडले त्या पृथ्वीवर, तिथल्याच एखाद्या प्राण्याचा देह घेऊन जन्मायचे. त्या देहाच्या आयुष्यात झोई सापडली तर सुटका, नाही तर त्या देहाबरोबरच मरण. पुढच्या प्रकरणात तो डोळे न उघडलेले पिल्लू असतो, आणि आईच्या उच्च कुळाला शोभत नाहीत म्हणून सगळी पिल्ले गोणीत घालून नदीत फेकली जातात.

माझे इंग्रजी वर्गात नव्हे, शब्दकोश मांडीवर ठेवून झालेले आहे. म्हणून मी सावकाश वाचतो, आणि सावकाश वाचणाऱ्याला तुलना सुचत राहतात. हे पुस्तक वाचताना मला सतत महाप्रस्थानिक पर्व आठवत होते. युधिष्ठिर इंद्राच्या रथाशी येतो, कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो आणि तो कुत्रा धर्म असल्याचे उघड होते. आपल्याकडे हे वळण वारंवार येते. नामदेवांच्या आख्यायिकेत पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावतात, कारण त्या कुत्र्यात त्यांना विठ्ठल दिसतो. दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे चार वेद असतात. या कथांची थोरवी मला मान्य आहे. पण एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: धर्म प्रकट झाल्यावर त्या कुत्र्याचे काय झाले? युधिष्ठिराबरोबर इतका चाललेला, पाय दुखलेला, भुकेला प्राणी एका श्लोकासरशी नाहीसा होतो आणि आपल्याला त्याची चुटपुट लागत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाली, कुत्र्याचे काम संपले.

माझ्या मते ‘डॉग्जबॉडी’चे सगळे बळ या प्रश्नात आहे. कुत्र्यात देव आहे हे जोन्स पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतात. त्यामुळे रहस्यभेदाचा चमत्कार हातून जातो आणि उरतो तो कुत्र्याचा देह. हा देह म्हणजे वेषांतर नाही. पिल्लाच्या इवल्या मेंदूत ताऱ्याच्या आठवणी मावत नाहीत. देह वाढतो तशा त्या परत येतात, तेही अर्धवट. मधेच वास येतो, भूक लागते, आणि विश्वाचा न्याय बाजूला राहतो. फाटकाची कडी उघडायला शिकल्यावर तो गावभर फिरतो, घरोघरी खायला मिळवतो आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर कुत्र्यांना भेटतो. ते प्रेमळ आहेत, पण भेटल्याचा आनंद एकदा व्यक्त केला की त्यांचे बोलणे संपते. सिरियस त्यांना कंटाळतो, तरी शेपूट हलवल्याशिवाय त्याला राहवत नाही. बालसाहित्यात बोलणारे प्राणी रगड आहेत. बोलता न येणाऱ्या प्राण्याची इतकी नेमकी अडचण मी क्वचित वाचली आहे. माणसांचे सगळे कळते, मांजरांशी बोलता येते, आणि जिच्याशी बोलायचे तिच्याशी मात्र एक शब्द बोलता येत नाही.

ती म्हणजे कॅथलीन. नदीतून पिल्लू तिने काढलेले असते. ती आयरिश आहे, बाप राजकीय गुन्ह्यासाठी तुरुंगात, आणि ती इंग्लंडमध्ये डफील्ड नावाच्या नातलगांकडे राहते. पुस्तक आले त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, बर्मिंगहॅममधल्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मेली होती. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ पासून खटल्याविना स्थानबद्धता चालू होती. अशा दिवसांत इंग्रज मुलांसाठी लिहिताना आयरिश कैद्याच्या मुलीला नायिका करणे सोपे नव्हते. जोन्स त्यावर भाष्य करत नाहीत. आयरिश असल्याबद्दल घरातला मुलगा तिला टोमणे मारतो, शाळेतली मुले छळतात, आणि कुत्रा हे ऐकत बसलेला असतो.

पिल्लू ठेवायचे तर घरकाम तू करायचे, ही डफील्डबाईंची अट. स्वयंपाक, झाडलोट, सगळे. बाई मातीची भांडी घडवतात आणि विकतात. त्यांचा राग कधीकधी व्यंगचित्राच्या पातळीवर जातो, ही पुस्तकातली एक उणीव. त्यांच्यापेक्षा नवरा मला अधिक भयंकर वाटतो. तो वाईट नाही. जेवण वेळेवर मिळाले की ते कोणी रांधले हे त्याच्या लक्षात येत नाही, इतकेच. जोन्स यांचे स्वतःचे बालपण असेच लक्ष न देणाऱ्या घरात गेले होते. वडिलांनी आर्थर रॅन्समच्या पुस्तकांचा संच घेऊन कपाटात ठेवला आणि तिघी बहिणींत मिळून वर्षाला एक पुस्तक दिले, ही हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. डफील्डसाहेब कुठून आले हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

या घरात जादू काय करते? जवळजवळ काहीच नाही. सूर्य आणि पृथ्वी सिरियसला मदत करतात, पण कॅथलीनचे एक भांडे घासून देत नाहीत. विश्वातली एक मोठी शक्ती तिच्या पायाशी बसली आहे आणि तिचे खाणे तीच मुलगी आपल्या कष्टांतून मिळवते आहे. बापाच्या मृत्यूची बातमी आल्यावर ती डफील्डबाईंची भांडी फोडते, तेव्हाही ती एकटीच असते.

उत्तरार्ध घाईचा आहे. झोईचा शोध एकदम वेग घेतो, सिरियसचे शत्रू कागदी वाटतात, आणि वेल्श पुराणांतले पांढऱ्या अंगाचे, लाल कानांचे शिकारी कुत्रे पुरेशी तयारी न करता कथेत शिरतात. ते दृश्य मला आवडते, पण कथेचा सांधा दिसतो.

शेवट मात्र निर्दय आणि अचूक आहे. झोई मिळते, सिरियस निर्दोष ठरतो, तेजाने उभा राहतो. आणि कॅथलीन त्याच्याकडे बघत नाही. ती मेलेल्या कुत्र्याला धरून रडते. मीच तो, हे तिला पटवणे त्या महातेजाला जमत नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. तिचा कुत्रा खरोखर मेला आहे. महाप्रस्थानिक पर्वात जी जागा रिकामी राहते ती इथे भरलेली दिसते: देव प्रकट झाला, आणि कुत्र्याचे प्रेत जमिनीवर आहे.

पण महाभारताला हे दुःख ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. आदिपर्वाच्या आरंभीच सरमेचे पिल्लू जनमेजयाच्या यज्ञाजवळ येते. त्याचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते आणि सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते. सरमा देवांची कुत्री खरी, पण ते पिल्लू कोणाचे सोंग नाही. ते मार खाल्लेले पिल्लू आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशीच ते बसले आहे आणि आपण त्याला ओलांडून शेवटच्या कुत्र्याकडे जातो, मुलांनाही तोच सांगतो.

पुस्तकाचे नाव मराठीत कसे आणावे यावर मी बराच वेळ घालवला. ‘डॉग्जबॉडी’चा शब्दशः अर्थ कुत्र्याचा देह, आणि व्यवहारातला अर्थ पडेल ते काम करणारा हरकाम्या. पहिला अर्थ सिरियसचा, दुसरा कॅथलीनचा. एकाच शब्दात दोघे बांधलेले. ‘श्वानदेह’ म्हटले की मुलगी सुटते, ‘हरकामी’ म्हटले की कुत्रा. आपल्याकडे ‘कुतरओढ’ आहे. त्यात कुत्राही आहे आणि चहूकडून ओढली जाणारी पोरही. देह मात्र राहून जातो. तरीही कोणी हे पुस्तक मराठीत आणायला बसले, तर हा शब्द हाताशी ठेवावा.