‘अँड’ची साक्ष : इंग्रजी कथनातील भूतकालीन क्रियांची जोडणी

कथनात्म साहित्याची चर्चा करताना घटना, पात्रे, निवेदक, दृष्टिकोण या घटकांचा विचार आपण बारकाईने करतो. एक घटना दुसऱ्या घटनेला भाषेच्या पातळीवर नेमकी कशी जोडली जाते, हा प्रश्न मात्र व्याकरणाचा मानून बाजूला ठेवला जातो. इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकाला ही उपेक्षा महागात पडते. कारण अमुक घडल्यामुळे तमुक घडले, हे विधान निवेदकाने केले की ते वाचकाने करून घेतले, याचा निर्णय पुष्कळदा या जोडणीतच झालेला असतो.

ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ (1927) या ग्रंथात कथा आणि कथानक यांत केलेला भेद सर्वपरिचित आहे. राजाच्या मरणामागून राणीचे मरण एवढेच सांगितले, तर ती कथा. राणीच्या मरणाला शोक कारण झाला असे सांगितले, की ते कथानक. या भेदामागे एक गृहीतक आहे. पहिल्या विधानात केवळ कालक्रम असतो, कार्यकारणभाव नसतो, हे ते गृहीतक होय. रोलां बार्थ यांनी 1966 साली असे दाखवले, की ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ यांची गफलत हीच कथनाची चालक शक्ती असते. सेमूर चॅटमन यांनीही 1978 मध्ये फॉर्स्टर यांच्याच उदाहरणाच्या आधारे, न सांगितलेले कारण वाचक आपण होऊन पुरवतो, याकडे लक्ष वेधले. या दोन्ही विवेचनांतून पुढे येणारा प्रश्न असा, की वाचकाच्या या प्रवृत्तीला इंग्रजी वाक्यरचना कोणती वाट मोकळी करून देते आणि कोणती बंद करते?

एक साधे वाक्य घेऊ : ‘शी रेड द लेटर अँड क्लोज्ड द विंडो’. दोन क्रियापदे, दोन्ही साध्या भूतकाळात. काळ पुढे सरकला हे सांगणारा एकही शब्द येथे नाही. तरीही पत्र आधी वाचले आणि खिडकी नंतर लावली, याविषयी वाचकाला शंका येत नाही. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्झ्की यांनी 1967 साली कथनाची व्याख्या याच गुणधर्मावर उभी केली. ज्या दोन उपवाक्यांचा क्रम बदलला असता घटनांचा क्रमही बदलला असे वाटते, त्यांच्यामध्ये कालाचा सांधा असतो. असा किमान एक सांधा असल्याखेरीज कथन होत नाही.

परंतु क्रम हे सर्वस्व नव्हे. ‘द बॉय फेल. हिज ब्रदर पुश्ड हिम.’ ही दोन वाक्ये पाहावीत. येथेही दोन्ही क्रियापदे साध्या भूतकाळातच आहेत. तथापि वाचक दुसरी घटना आधीची समजतो. भावाने ढकलले म्हणून मुलगा पडला, असा अर्थ तो लावतो. आता मधला पूर्णविराम काढून तेथे ‘अँड’ घालावा. मुलगा पडला आणि मग, पडलेल्या मुलाला भावाने ढकलले, असा अर्थ होतो. स्पष्टीकरणाची वाट बंद झाली. या प्रकारच्या वाक्यजोड्यांचे तर्कशास्त्र अॅलेक्स लॅस्करिडस आणि निकोलस अॅशर यांनी 1993 मध्ये मांडले आहे. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील तात्पर्य महत्त्वाचे आहे. ‘अँड’ हे पोकळ अव्यय नाही. ते मागे वळून कारण सांगण्यास मज्जाव करते. पुढे परिणाम सुचवण्यास मात्र मुभा देते. ज्या वाक्यात भावाचा अपराध ठरतो आणि ज्या वाक्यात तो ठरत नाही, त्यांत अंतर आहे ते एवढ्या एका अव्ययाचे.

मागे वळण्याचा राजमार्ग इंग्रजीत ‘हॅड’चा आहे. ‘शी क्लोज्ड द विंडो. शी हॅड रेड द लेटर.’ येथे ‘बिकॉज’ कोठेही नाही. परंतु खिडकी लावण्याचे कारण त्या पत्रात असावे, असे वाटू लागते. हान्स रायखेनबाख यांनी 1947 मध्ये बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि संदर्भाचा क्षण असे तीन बिंदू कल्पून याची उपपत्ती दिली. साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ एकाच बिंदूवर असतात. ‘हॅड’युक्त रूपात घटना संदर्भबिंदूच्या मागे जाते. म्हणजे ‘हॅड’ला उभे राहण्यासाठी भूतकाळातलाच दुसरा एक बिंदू लागतो. तो बिंदू कोणाच्या अनुभवातला आहे, हे विचारले की आपण व्याकरणातून थेट दृष्टिकोणाच्या प्रश्नात येतो.

मराठी वाचकाची दिशाभूल नेमकी येथे होते. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे आपले वाक्य स्वयंपूर्ण आहे. त्याला दुसऱ्या घटनेचा आधार लागत नाही. आपल्याकडील ‘होतो’ संदर्भबिंदूशिवायही नांदू शकतो. ही सवय घेऊन आपण इंग्रजी कादंबरी वाचतो, तेव्हा ‘हॅड’ हा केवळ दूरत्वाचा सूचक वाटतो आणि निवेदकाने पात्राच्या वर्तमानात उभे राहून मागे टाकलेली नजर आपल्या लक्षात येत नाही.

भाषांतरात याहून सूक्ष्म हानी संभवते. ‘पत्र वाचून तिने खिडकी लावली’ हे वरच्या पहिल्या वाक्याचे सहज सुचणारे मराठी रूप. ते चुकीचे नाही. पण ‘ऊन’ प्रत्ययाने पहिली क्रिया गौण होते, दुसरीची पूर्वतयारी बनते. ‘बातमी ऐकून तो रडला’ या वाक्यात तर ‘ऊन’ स्पष्टपणे कारणवाचक होतो. इंग्रजी वाक्याने जी जबाबदारी उचलली नव्हती, ती मराठी वाक्य नकळत उचलते.

या न उचललेल्या जबाबदारीचे सर्वांत गंभीर उदाहरण इंग्रजी बायबलात आढळते. हिब्रूतील ‘व’ या जोडअव्ययाची माळ 1611 च्या अधिकृत भाषांतराने ‘अँड’च्या माळेने राखली. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात पुत्राचा बळी देण्याची आज्ञा मिळालेला अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, दोन सेवक आणि इसहाक यांना बरोबर घेतो, लाकडे फोडतो आणि निघतो. प्रत्येक क्रिया मागचीशी ‘अँड’ने जोडलेली आहे. तो का उठला, कोणत्या मनाने लाकडे फोडली, याविषयी एक अक्षर नाही. एरिश आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’मध्ये (1946) याच प्रसंगाच्या आधारे पार्श्वभूमीत अव्यक्त राहिलेल्या आशयाचे विवेचन केले. हा अव्यक्त आशय समकक्ष रचनेच्या फटींत राहतो. त्या जागी ‘सो’ वा ‘आफ्टर’ घातले, की भाषांतरकाराने अब्राहामाच्या मनाचा निर्वाळा दिला असे होते. रॉबर्ट ऑल्टर यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्पत्तीच्या भाषांतरात ‘अँड’ राखण्याचा आग्रह धरला, तो यासाठीच अर्थपूर्ण ठरतो.

हेमिंग्वे यांच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा (1929) शेवट या परंपरेच्या प्रकाशात वाचावा. कॅथरीनच्या मृत्यूनंतर निवेदकाचे इस्पितळातून निघणे आणि पावसातून हॉटेलकडे जाणे तेथे ‘अँड’ने सांधलेल्या साध्या भूतकालीन क्रियापदांत येते. शोकाचा उल्लेख नाही. फॉर्स्टर यांच्या निकषाने ही निव्वळ कथा ठरावी. पण शोक येथे नाही असे कोण म्हणेल? कोणतीही क्रिया दुसरीच्या अधीन नाही, एकीलाही दुसरीपेक्षा अधिक अर्थ नाही, हाच त्या शोकाचा आकार आहे. हीच वाक्ये ‘निघून’, ‘सोडून’ अशा रूपांनी मराठीत आणली, तर आधीच्या क्रिया शेवटच्या क्रियेच्या पायऱ्या होतात आणि चालण्याला एक हेतू प्राप्त होतो. हेतू हरपल्याचा अनुभव तेवढ्याने निसटतो.

तेव्हा फॉर्स्टर यांचा भेद टाकून द्यावा असे नव्हे; त्याची जागा बदलावी लागेल. कथा आणि कथानक यांतील अंतर कारण असण्या-नसण्याचे नाही. कारणाखाली सही कोणाची आहे, याचे ते अंतर आहे. ‘बिकॉज’मध्ये ती निवेदकाची असते, ‘हॅड’मध्ये ती बहुधा भूतकाळात उभ्या असलेल्या एखाद्या जाणिवेची असते, ‘अँड’मध्ये कागद कोरा ठेवून तो वाचकापुढे सरकवलेला असतो. आपण भाषांतर करतो किंवा वर्गात उतारा समजावून देतो, तेव्हा त्या कोऱ्या जागेवर आपलीच सही ठोकून ती लेखकाची म्हणून दाखवत नाही ना, एवढे तपासणे हे समीक्षेचे किमान कर्तव्य आहे.