सरहद्दीवरचे कावळे

निसर्गनिरीक्षणाला जंगलच हवे, हा समज खोडून काढणारे एक इंग्रजी पुस्तक १८८३ सालीच निघाले होते: ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’. लेखक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १८५१चा, साताऱ्यातला. नोकरी मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात. नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘ईहा’ या टोपणनावाने लिहीत. त्याच वर्षी ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांतले ते एक.

उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे ही यातली पात्रे. नोकरीच्या गावी, बंगल्याच्या आवारात जे दिसले ते त्यांनी लिहिले, आणि तेही इतके खुमासदार की आजही हसू येते. वैजापूरच्या शाळेत किंवा कचेरीत बसणाऱ्याला यातली बहुतेक मंडळी खुर्ची न सोडता भेटतील.

माझा आक्षेप त्यांच्या रूपकाला आहे. बंगला म्हणजे राज्य आणि प्राणी म्हणजे सरहद्दीवरच्या टोळ्या! साहेबी थट्टा म्हणून ठीक. पण कावळा एकदा लुटारू ठरला की तो नेमके काय करतो, हे पाहण्याची गरजच संपते.

सालिम अलींनी १९३० मध्ये किहीमला सुगरण पक्ष्याच्या खोप्यांवर नजर ठेवली. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच राहते. मग नर तो पुरा करून दुसरा विणायला घेतो. थट्टेला विषय नामी होता, पण हा क्रम हाती लागला तो नोंदींमुळे.

आपली भाषा तरी कुठे निर्दोष आहे? ‘सुगरण’ म्हणून विणकामाचे श्रेय आपण मादीला देऊन टाकले. खिडकीच्या चौकटीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी मात्र खरोखरच मादी असते; नांगी मारून बधिर केलेले भक्ष्य ती अळीसाठी आत कोंडते. यातले पहिले तरी विद्यार्थ्यांना ताडून पाहता येईल. पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवर खोपे लटकू लागले की विणणाऱ्याचे डोके पाहावे. विणीच्या हंगामात नराचा माथा पिवळा असतो, मादी चिमणीसारखी तपकिरी.

‘ईहां’चे कावळ्यांवरचे प्रकरण वर्गात जरूर सांगावे. फक्त त्याआधी मुलांना शाळेच्या छपरावरचा कावळा दहा मिनिटे पाहू द्यावा आणि जे दिसले ते वहीत लिहून घ्यावे.