परतणे आणि परत करणे

जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा उपदेशाच्या अंगाने होतो. देव कोपतो, शासन करतो आणि अखेर दया करून प्रजेला पुन्हा जवळ घेतो, असा त्याचा सारांश सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. या वाङ्मयातील पुनःस्थापनेचे अभिवचन केवळ जिवाच्या समाधानाचे नाही. त्यात शेत आहे, घर आहे, द्राक्षमळा आहे. मुळशीचा इतिहास समोर ठेवून हे ग्रंथ वाचताना आम्हांला याची विशेष जाणीव झाली.

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधावयास घेतले. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते आणि 'जान किंवा जमीन' हे घोषवाक्य होते. १९२४ पर्यंत लढा चालला. पुढे धरण पुरे झाले, त्याचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात गेले आणि खोऱ्यातील गावे बुडाली.

आता यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय पाहा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे आणि संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत त्याला विकावयास येतो. यिर्मया १७ शेकेल रुपे तोलून देतो. खरेदीखत होते, साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती बारुखाकरवी मातीच्या भांड्यात ठेवल्या जातात. या भूमीत पुन्हा शेतांचे व्यवहार होतील, एवढाच त्याचा अर्थ. आधीच्या अध्यायात भावकवितेची उंची गाठणारा हा कवी सर्वांत कठीण घडीला दस्तऐवजाच्या भाषेत बोलतो. देवाच्या करुणेचा इतका निरलंकार पुरावा आम्हांला अन्यत्र आढळला नाही.

त्या करुणेसाठी हिब्रूत 'रहमीम' हा शब्द आहे. गर्भाशयाला 'रेहेम' म्हणतात, त्याच्याशी तो जोडलेला. एफ्राईम आठवला की देवाच्या पोटात कालवते, असे यिर्मया सुचवतो. मराठीतील 'दया' वरून खाली वाहते. 'आतड्याची माया' हा आपल्या आयाबायांच्या तोंडचा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे. दुसरा शब्द 'शूब'. माणसाचे देवाकडे वळणे आणि बंदिवानांचे मायदेशी येणे, दोन्हींना हेच क्रियापद लागते. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायात तर दुष्ट माणूस पापापासून परततो आणि लगेच गहाण घेतलेली वस्तू परत करतो. धातू एकच. लुबाडलेले भरून देणे त्याच्या पुढचे. योगायोगाने मराठीलाही हे साधते : परतणे आणि परत करणे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. यहूदाचा बंदिवास हे स्वतःच्या पापाचे फळ आहे, असे संदेष्टे सांगतात. मुळशीच्या शेतकऱ्याला तसे सांगणे हा अन्याय ठरेल. त्याचे नाते बंदिवानांशी नसून नाबोथाशी आहे. अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याचे मोल देऊ केले, त्याहून चांगला मळा देऊ केला. वाडवडिलांचे वतन म्हणून त्याने नकार दिला आणि प्राण गमावला. पुढे एलियाच्या शब्दाने अहाब गोणपाट नेसला. देवाने त्याच्यावर दया करून शिक्षा लांबणीवर टाकली. पण मळा नाबोथाच्या वारसांना परत गेला, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

ही कथा आम्हांला अस्वस्थ करते. अहाबाला दया मिळाली, नाबोथाच्या घराला काय मिळाले? यहेज्केलाचे वचन या उणिवेचे उत्तर म्हणून वाचावे, असे आमचे मत आहे. चोरलेले परत केल्याशिवाय चोरीचा पश्चात्ताप पूर्ण होत नाही, ही तर ख्रिस्तसभेची जुनी शिकवण. पापनिवेदनाला जाणारा प्रत्येक भाविक ती जाणतो. पण व्यक्तीला लावलेली ही कसोटी आपण समाजाला लावत नाही. सार्वजनिक हिताचे नाव आले की नुकसानभरपाईच्या आकड्यावर प्रकरण मिटते.

बुडालेली शेते पुन्हा वर काढणे आज कोणाच्या हाती नाही. तरीही यिर्मयाने दस्त जपून ठेवला, कारण ते शेत कोणाचे हे विसरले जाऊ नये. प्रायश्चित्तकाळात करुणेची ही वाचने आपण दिव्याच्या उजेडात ऐकतो. तो दिवा मुंबईत लागला तेव्हा कोणाच्या शेतावर पाणी आले, हे आपल्या मुलांना निदान सांगता यावे. परत करण्याची सुरुवात एवढ्यापासून तरी करता येईल.